डॉली पार्टनचा 'रॉकस्टार': मूळ गाणं आधी, मग तिचं

अमेरिकन गायिका डॉली पार्टनचा 'रॉकस्टार' हा अल्बम एका बैठकीत ऐकून संपवायचा नाहीच मुळी. 30 गाणी आहेत, सव्वादोन तासांच्या वर वेळ जातो, आणि त्यातली 21 गाणी दुसऱ्यांची म्हणजे कव्हर, बाकीची 9 ओरिजिनल. 17 नोव्हेंबर 2023 ला आला तेव्हा बाई 77 वर्षांच्या होत्या आणि आयुष्यभर कंट्री (अमेरिकेतलं गावाकडचं, लोकगीतांच्या अंगाचं संगीत) गाऊन झाल्यावर हा त्यांचा पहिला रॉक अल्बम. मी तो नीट ऐकायचा ठरवला, नीट म्हणजे प्रत्येक कव्हरच्या आधी मूळ गाणं ऐकायचं, मग तिचं, मग परत मूळ, आणि जिथे मूळ गाणंसुद्धा कोणाचं तरी कव्हर असेल तिथे त्याच्याही मागे जायचं. बरेच आठवडे चाललं हे, आणि त्यात जे काय सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आधी हा अल्बम आला कुठून ते सांगते, कारण ते माहीत नसेल तर अर्धी गाणी इथे का आहेत तेच कळत नाही. 2022 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमसाठी (रॉकमधल्या मोठ्या कलाकारांना मिळणारा मान) डॉलीचं नाव नॉमिनेट झालं आणि तिने ते चक्क नाकारलं, म्हणाली की मी तो मान कमावलेला नाही, पण आता एखादा रॉक अल्बम करावासा वाटतोय. मतदान तोपर्यंत सुरू झालेलं, लोकांनी तिला निवडलंच, शेवटी तिने मान स्वीकारला आणि 5 नोव्हेंबर 2022 ला लॉस एंजेलिसच्या सोहळ्यात काळे लेदरचे कपडे घालून, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून, त्या दिवसासाठी लिहिलेलं नवीन गाणं गायली. त्याच रात्री पॅट बेनाटार आणि नील गिराल्डो, जुडास प्रीस्ट, ड्युरान ड्युरान यांचाही सन्मान झाला. आता अल्बमच्या पाहुण्यांची यादी बघा, बेनाटार-गिराल्डो आहेत, जुडास प्रीस्टचा रॉब हॅल्फर्ड आहे, ड्युरान ड्युरानचा सायमन ले बॉन आहे. त्या रात्री तिच्याबरोबर स्टेजवर तिचंच गाजलेलं 'जोलीन' गाणाऱ्या पिंक आणि ब्रँडी कार्लाइल पण आहेत. मला हे फार आवडलं. मान मिळाला म्हणून घरी जाऊन शोकेसमध्ये ठेवला असं नाही, त्या मानाच्या लायकीचं काम करून दाखवायचं म्हणून बाई या वयात स्टुडिओत जाऊन उभ्या राहिल्या.

पहिली फेरी मी मूळ गाण्यांशिवायच केली, सरळ एक ते तीस, पण तुकड्यातुकड्यात. पहिलं गाणं 'रॉकस्टार' तिचं स्वतःचंच, गिटारवर बॉन जोव्हीवाला रिची सॅम्बोरा, आणि त्यात समजतं की वाद्यं खरोखरच भारी आहेत, ड्रम्स मोठे, गिटार मोठ्या, कुठेही कंट्रीवाल्यांनी हळूच रॉक केल्यासारखं नाही. दुसरं 'वर्ल्ड ऑन फायर' पण तिचंच, मे 2023 मध्ये सिंगल म्हणून आलेलं, जगात जे चाललंय त्यावर चिडून लिहिलेलं, आणि एरवी सगळ्यांशी गोड असणारी डॉली इथे पुढाऱ्यांना सरळ सुनावते. ही दोन गाणी झाल्यावर कव्हरची रांग सुरू होते आणि तिथे मात्र पहिल्या फेरीत माझा गोंधळ उडाला, कारण एकामागून एक इतकी ओळखीची गाणी येतात की कान आपोआप जुन्याच गाण्याकडे जातो, डॉली काय करतेय ते ऐकूच येत नाही. मूळ गाणी शेजारी ठेवून ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही हे तिथेच पक्कं झालं.

दुसरी फेरी खरी. स्टिंगबरोबरचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' घेतलं, पोलीस बँडचं मूळ 1983 चं. मूळ गाण्यात ती गिटारची सारखी फिरणारी धून आणि स्टिंगचा थंड, एकाच जागेवरून नजर ठेवणारा आवाज, गाणं प्रेमाचं वाटतं पण आहे पाळत ठेवण्याचं. डॉलीचा आवाज मुळात इतका मायेचा आहे की ती भीती निघून जाते. आणि स्टिंग स्वतः बाजूला असल्यामुळे गाणं वेगळ्या वाटेने पण जात नाही, त्याच चालीत, त्याच ठेक्यात राहतं. मग 'ओपन आर्म्स' ऐकलं, जर्नी बँडचा स्टीव्ह पेरी आणि ती. 1981 चं गाणं, पेरीचा त्या वेळचा आवाज म्हणजे गगनाला भिडलेला, आताचा पेरी खाली आलाय, खरखरीत झालाय, आणि दोघं मिळून गातात तेव्हा ऐकायला हळवं वाटतं पण गाण्याचं रूप तेच. केव्हिन क्रोनिनबरोबरचं 'कीप ऑन लव्हिंग यू', पीटर फ्रॅम्प्टनबरोबरचं 'बेबी, आय लव्ह युअर वे', सगळीकडे तोच अनुभव. हळूहळू माझ्या लक्षात आलं ते असं की ज्याचं गाणं त्यालाच बोलावलं की गाणं आपल्या जुन्या घराकडे ओढ घेतं. मूळ गायक आदराने येतो, डॉली आदराने गाते, आणि दोघांच्या आदरात गाणं आहे तिथेच राहतं. बरेच जण या अल्बमला कराओके म्हणतात ते बहुतेक याच गाण्यांमुळे, आणि या चार-पाच गाण्यांपुरतं त्यांचं म्हणणं मला पटतं, पूर्ण अल्बमला ते लावणं मात्र अन्याय आहे.

कारण मग येतं 'मॅजिक मॅन'. हार्ट बँडचं, सत्तरच्या दशकातलं, अॅन विल्सनने बहीण नॅन्सीबरोबर लिहून गायलेलं, आणि इथे अॅन विल्सन स्वतः आहे, त्यांचा जुना गिटारवाला हॉवर्ड लीस पण आहे, म्हणजे माझ्याच वरच्या हिशोबाने हे गाणं जागचं हलायला नको होतं. पण हलतं! कारण त्या गाण्यात गोष्ट आहे, मुलगी एका माणसाच्या नादाने घर सोडून गेलीय, आई फोनवर घरी ये म्हणतेय आणि मुलगी तिला समजावतेय. डॉली आयुष्यभर हेच करत आलीय, माणसांच्या गोष्टी तीन-चार मिनिटांत सांगायच्या. अॅनच्या मूळ आवाजात झपाटलेपण आहे, डॉली गाते तेव्हा ती मुलगी पण असते आणि आई पण असते, निदान मला तरी दोघी ऐकू आल्या. शब्द ती इतके स्वच्छ टाकते की इतक्या वर्षांत न कळलेल्या ओळी मला तिच्या तोंडून कळल्या.

तसंच 'नाइट मूव्ह्ज', बॉब सीगरचं 1976 चं, इथे क्रिस स्टेपलटनबरोबर. पोरवयातलं प्रेम आठवणारं गाणं, आणि मध्ये एका जागी सगळं थांबतं, वाद्यं जवळजवळ बंद होतात, रात्री जाग आलेला माणूस मागे वळून बघतो. सीगरने हे केलं तेव्हा तो तिशीत होता. सत्तरी उलटलेली बाई तेच म्हणते तेव्हा त्या मागे वळून बघण्यातलं अंतर केवढं वाढतं, चाल बदललेली नाही, सूर बदललेला नाही, फक्त म्हणणारीचं वय बदललंय आणि तेवढ्यानेच गाणं वेगळं झालंय. हीच गंमत 'व्हॉट्स अप?'ची. फोर नॉन ब्लाँड्सचं नव्वदच्या सुरुवातीचं गाणं, लिंडा पेरीने लिहिलेलं, त्यातली बोलणारी पंचविशीतली आहे, कावलेली, काहीच सरळ होत नाही म्हणून ओरडणारी. लिंडा आणि डॉलीने 2018 मध्ये 'डम्पलिन' सिनेमाच्या गाण्यांवर एकत्र काम केलं होतं, त्यामुळे असेल, दोघींचं जमतं छान. मूळ गाण्यातला राग इथे एकटीचा राहत नाही, एक मोठी बाई बाजूला उभी राहून मलाही असंच वाटतं गं म्हणतेय असं होतं. या अल्बममधलं मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं गाणं हेच.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांना तीच बंदिश चार घराण्यांच्या चार गायकांकडून ऐकायची सवय असते, तिथे कोणी म्हणत नाही की ही तर कॉपी आहे, बघतात फक्त की यानं काय केलं, कुठे जागा घेतली, कुठे थांबला. मी तोच कान इथे लावला आणि ऐकणं एकदम सोपं झालं.

'पर्पल रेन' तिने एकटीने गायलंय. प्रिन्सच्या मूळ गाण्याचा पाया 3 ऑगस्ट 1983 ला मिनिआपोलिसच्या फर्स्ट अॅव्हेन्यू क्लबमध्ये लाइव्ह रेकॉर्ड झाला होता, नंतर त्यावर काम करून 1984 मध्ये ते बाहेर आलं. त्यात शेवटी शब्द संपतात आणि तो नुसत्या आवाजात आणि गिटारमध्ये रडत जातो. हे गाणं घ्यायलाच धाडस लागतं, आणि डॉली शेवटच्या भागात आवाज पूर्ण सोडते, वर जाते, तिथे आवाज पातळ होतो, थोडा थरथरतो, आणि ती ते लपवत नाही. तिच्या आवाजातली ती जलद थरथर तरुणपणापासूनच आहे, वयाने ती फक्त जास्त उघडी पडलीय. मला ते फार भिडलं. ज्यांना गुळगुळीत सूर हवाय त्यांना आवडणार नाही.

'स्टेअरवे टू हेवन'वर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तिथे तीन रेकॉर्डिंग शेजारी ठेवता येतात. लेड झेपेलिनचं 1971 चं मूळ, डॉलीनेच 2002 च्या 'हेलोज अँड हॉर्न्स' अल्बममध्ये केलेलं अकूस्टिक, ब्लूग्रासच्या (बँजो-फिडलवालं डोंगराळ भागातलं कंट्री) अंगाने जाणारं, आणि आता हे रॉकमधलं, ज्यात लिझो बासरी वाजवते. झेपेलिन हा तिच्या नवऱ्याचा, कार्ल डीनचा, आवडता बँड. 1966 मध्ये लग्न झालं आणि मार्च 2025 मध्ये तो गेला तोपर्यंत हा माणूस लोकांसमोर जवळजवळ आलाच नाही, पण रॉकचा शौकीन तो, आणि हा अल्बम करताना त्याची आवड डोळ्यासमोर होती हे तिने बऱ्याचदा सांगितलंय. तर माझं मत असं की 2002 चं सरस आहे. तिथे तिने गाणं आपल्या डोंगराळ टेनेसीच्या आवाजात नेलं, देवळात म्हणावं तसं म्हटलं, त्या गूढ शब्दांना श्रद्धेचा अर्थ आला. 2023 चं भव्य आहे, लिझोची बासरी सुंदर आहे (मूळ गाण्याच्या सुरुवातीला रेकॉर्डर नावाची उभी बासरी वाजते त्या जागी ती अगदी फिट बसते), पण मोठ्या गिटारी आल्या की डॉलीला त्यांच्यावर चढून गावं लागतं आणि तिची खरी ताकद, कानाशी येऊन सांगणं, ती मागे पडते. तिन्ही ओळीने ऐका, कोणत्याही समीक्षेपेक्षा जास्त कळेल.

आता एक जागा सांगते जी क्रेडिट्स वाचल्याशिवाय कळली नसती. 'यू आर नो गुड' हे गाणं बहुतेकांना लिंडा रॉन्स्टॅडचं म्हणून माहीत आहे, 1974 चं, पण तेही कव्हरच होतं, सगळ्यात आधी 1963 मध्ये डी डी वॉरविकने गायलेलं. म्हणजे डॉलीचं हे कव्हरचं कव्हर. आणि बरोबर कोण, तर एमीलू हॅरिस आणि शेरिल क्रो. डॉली, लिंडा आणि एमीलू या तिघींनी मिळून 1987 मध्ये 'ट्रिओ' नावाचा अल्बम केला होता, तिघींचे आवाज असे मिसळलेले की कोणती ओळ कोणाची ते शोधावं लागतं. लिंडाला आजारपणामुळे गाता येत नाही, 2013 मध्येच तिने ते जाहीर केलं. आणि इथे तिच्या दोन मैत्रिणी तिचं गाणं म्हणतायत, तिच्या जागी शेरिल क्रो. कुठे काही बोलून दाखवलेलं नाही, पण हे माहीत असताना ऐकलं की गाणं धमाल असूनही घशात काहीतरी येतं. त्याच्या दोनच जागा आधी 'माय ब्ल्यू टिअर्स' आहे, डॉलीचंच 1971 चं जुनं गाणं, लिंडाने पण नंतर डॉली-एमीलूला घेऊन ते गायलेलं, इथे ते सायमन ले बॉनबरोबर आहे आणि खूप साधं, खूप छान झालंय.

आणखी एक बारीक गोष्ट, पॅट बेनाटारचं 'हार्टब्रेकर' 1979 चं, त्याच्या एक वर्ष आधी डॉलीचा स्वतःचा 'हार्टब्रेकर' नावाचा अल्बम आलेला, गाणं अर्थात पूर्ण वेगळं. पण आता बाई दुसऱ्या हार्टब्रेकरमध्ये शिरल्यात आणि गिराल्डोची गिटार तशीच सपासप चालते.

हे सगळं ऐकताना एक विचार सारखा मनात यायचा, की कव्हर करणारी ही बाई स्वतः आयुष्यभर कव्हर होत आलीय. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' तिचं, 1973 मध्ये रेकॉर्ड केलेलं, ज्याच्याबरोबर ती गायची त्या पोर्टर वॅगनरपासून वेगळं होताना लिहिलेलं. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं, तिला आनंदाने आभाळ ठेंगणं झालेलं, पण त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर म्हणाला की गाण्याचे अर्धे पब्लिशिंग हक्क द्यावे लागतील. तिने नाही म्हटलं. त्या रात्री रडली, पण हक्क सोडले नाहीत. मग 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं, बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत 14 आठवडे एक नंबरला राहिलं, आणि गीतकार म्हणून पैसे डॉलीकडे आले. या अल्बममधलं 'आय ड्रीम्ड अबाउट एल्व्हिस' त्याच न झालेल्या गाण्याभोवती फिरतं, ती स्वप्नात एल्व्हिसबरोबर गाते, एल्व्हिसचा आवाज रॉनी मॅकडॉवेल काढतो आणि मागे जॉर्डनेअर्स, म्हणजे एल्व्हिसच्या मागे खरोखर गाणारी मंडळी. एरवी हे गाणं मी हलकंफुलकं म्हणून सोडून दिलं असतं, पण तो इतिहास माहीत असला की कळतं की बाईंनी ती हुकलेली गोष्ट या मार्गाने पुरी करून घेतली.

आणि कव्हरचा कायदा पण थोडा वाचला मी यानिमित्ताने. अमेरिकेत एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं की दुसरा कोणीही ते रेकॉर्ड करू शकतो, गीतकार अडवू शकत नाही, फक्त ठरलेली रॉयल्टी द्यायची, 2023 साली सीडी किंवा डाउनलोडला प्रत्येक प्रतीमागे 5 मिनिटांपर्यंतच्या गाण्याला 12 सेंट, त्याहून लांब असेल तर मिनिटाप्रमाणे. मात्र गाण्याचा मूळ स्वभाव बदलता येत नाही, त्याला परवानगी लागते. हे वाचल्यावर मला डॉलीचा साधा हिशोब दिसला, परवानगीची गरज नसतानाही तिने त्या त्या गायकाला फोन करून बोलावून घेतलं. स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यावर काय वाटतं हे तिला माहीत आहे. वर मी म्हटलं की मूळ गायक असला की गाणं हलत नाही, ते खरंच आहे, पण त्यामागे माणुसकी आहे आणि थोडं गाणं अडकलं तरी मला ती जास्त मोलाची वाटते.

'रेकिंग बॉल' मायली सायरसबरोबर आहे, मायली तिची धर्मकन्या. मायलीने 'जोलीन' गायलेलं लोकांना आठवत असेलच, आता डॉली मायलीचं 2013 चं गाणं गाते, परतफेड. मायलीचा आवाज जाड, घोगरा, डॉलीचा तारेसारखा, आणि दोघींत निभावून नेण्याची घाई नाही. नवीन पिढीचं गाणं या यादीत हे एकच म्हणावं लागेल आणि ते मुद्दाम घेतलेलं असं कुठेच वाटत नाही.

शेवटची दोन गाणी सलग ऐकायला हवीत. 'लेट इट बी'मध्ये पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार दोघंही आहेत, वर पीटर फ्रॅम्प्टन आणि मिक फ्लीटवूड. बीटल्समधले हयात असलेले दोघंच आणि दोघंही हजर. गाणं आईवरचं, प्रार्थनेसारखं, आणि चर्चमध्ये गाणं शिकलेल्या डॉलीला ते जन्मजात येतं, इथे मूळ रूपच ठेवलंय आणि ते ठेवावंच लागलं असतं. मग 'फ्री बर्ड'. लिनर्ड स्किनर्डचं, 1973 चं, नऊ मिनिटांच्या वर. रॉनी व्हॅन झँट 1977 च्या विमान अपघातात गेला, त्याचा जुना आवाज इथे घेतलाय आणि डॉली त्याच्याबरोबर गाते, ड्रमर आर्टिमस पाइल त्या अपघातातून वाचलेला, गिटारवर गॅरी रॉसिंग्टन, तोही त्यातून वाचलेला आणि अल्बम बाहेर यायच्या आधीच मार्च 2023 मध्ये गेला. गेलेल्या माणसाचा आवाज वापरणं मला सहसा रुचत नाही. इथे मात्र त्याच्याच बँडची माणसं वाजवतायत, त्यामुळे चाललं मला, आणि गिटारचा तो लांबलचक शेवट सुरू झाला की डॉली बाजूला होते आणि वाजवणाऱ्यांना वाजवू देते.

अल्बम बिलबोर्ड 200 या अल्बमच्या यादीत 3 नंबरला आला, तिच्या एवढ्या मोठ्या कारकीर्दीतला तिचा सगळ्यात वरचा क्रमांक. तरी 30 गाणी जास्त आहेत हे मी म्हणणारच, पंधरा-सोळा असती तर हाच अल्बम दुप्पट जोरकस झाला असता. 'सॅटिस्फॅक्शन' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' माझ्याकडे आता लागत नाहीत, ती गाणी मोठ्या गर्दीसाठी आहेत आणि तिथे ती चालतात.

कोणाला ऐकायचा असेल तर एक नंबरपासून सुरू करू नका. 'व्हॉट्स अप?' घ्या, मग 'मॅजिक मॅन', 'नाइट मूव्ह्ज', मग 'यू आर नो गुड' त्याच्या 1963 आणि 1974 च्या रेकॉर्डिंगसकट, मग हेडफोन लावून 'पर्पल रेन'. हे आवडलं तर बाकीच्यात शिरा, आणि 'स्टेअरवे'ला पोचाल तेव्हा 2002 चं आधी लावा.